घटनेपासून डेस्क जितकं लांब, तितका मथळा मोठा

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात जत्रेच्या दिवशी गाड्या लावण्यावरून दोन पोरांची बाचाबाची झाली. थोडी धक्काबुक्की झाली आणि पंचांनी जागेवर मिटवली. संध्याकाळी मोबाईलवर मथळा आला, ‘सीमाभाग पुन्हा पेटला!’ पुण्याहून बहिणीचा घाबरून फोन आला. असले मथळे लिहितं कोण, मुद्दाम लिहितात का, आणि वाचकानं करायचं तरी काय?

माझी सगळी नोकरी बेळगावात मराठी दैनिकाच्या डेस्कवर गेली. दुसऱ्यानं पाठवलेल्या बातमीला मथळा लावायचा, हे रोजचं काम. म्हणून आधी ‘कोण’ या प्रश्नाचं उत्तर देतो. बातमी देणारा बहुधा मथळा देत नाही, आणि मथळा देणाऱ्यानं बहुधा ते गाव पाहिलेलं नसतं.

तुमच्या गावच्या बातमीचा प्रवास असा झाला असणार. तालुक्याचा बातमीदार असतो. त्याचं दुकान असतं, किंवा तो विम्याची कामं करतो. बातमीदारीवर घर चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानं व्हॉट्सअॅपवर चार ओळी पाठवल्या: जत्रेत पार्किंगवरून दोन युवकांत बाचाबाची, ज्येष्ठांच्या मध्यस्थीनं वाद मिटला. बेळगावच्या उपसंपादकाला ते गाव माहीत आहे, कदाचित त्याची मावशी तिथं दिलेली आहे. तो सिंगल कॉलम लावतो आणि पुढच्या बातमीला लागतो. मग तीच बातमी वरच्या डेस्कवर जाते, कधी कोल्हापूरला, कधी पुण्या-मुंबईला, कधी एखाद्या पोर्टलकडे. तिथल्या वाचकाला तुमच्या गावाचं नाव काहीच सांगत नाही, म्हणून गावाच्या जागी ‘बेळगाव’ येतं. बेळगाव म्हटलं की लांबच्या माणसाला एकच गोष्ट आठवते, महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद, म्हणून बेळगावच्या जागी ‘सीमाभाग’ येतं. जागा वाढली की माणसंही वाढतात. ‘दोन युवक’चे ‘दोन गट’ होतात, आणि नावं वेगवेगळ्या भाषांतली निघाली की ‘मराठी-कन्नड’. बाचाबाचीची हाणामारी होते, हाणामारीचा राडा, आणि शेवटी ‘पेटला’.

या साखळीतल्या एकाही माणसाला विचारलंत तर तो छातीवर हात ठेवून सांगेल, मी खोटं लिहिलेलं नाही. ते खरंही आहे. प्रत्येकानं एकेक शब्द बदललेला असतो. बंगळूरच्या दिशेनं जाणाऱ्या बातमीचंही हेच होतं, फक्त मारणारा आणि मार खाणारा यांची अदलाबदल होते. तेव्हा ‘मुद्दाम लिहितात का’ याचं माझं उत्तर: काही जण लिहितात, पण बहुतेक मथळे अंतरामुळे फुगतात. ज्याला उद्या सकाळी त्याच चौकात चहा प्यायचा आहे, तो जपून लिहितो. आमच्याकडे असा मथळा लागला की सकाळी दहाच्या आत फोन यायचा, “काय ओ, असं काय छापलासा?” हा फोन मुंबईच्या डेस्कवर वाजत नाही.

याचे परिणाम आपल्या भागात इतर ठिकाणांपेक्षा जास्त का होतात, तेही सांगतो. बेळगावची रोजची चूल सीमा ओलांडून पेटते. चंदगडचा माणूस दवाखान्याला इथं येतो, इथली पोरं शिकायला कोल्हापूर-पुण्याला जातात, इथली भाजी गोव्याला जाते, आणि निपाणीच्या माणसाला कागल हे पुढचं गाव वाटतं, परराज्य नाही. अशा ठिकाणी ‘पेटला’ या एका शब्दानं पहिली बंद पडते ती एसटी.

डिसेंबर २०२२ आठवा. बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं, दोन्हीकडची बससेवा विस्कळीत झाली. हे सगळं घडलं, त्यात शंका नाही. पण १४ डिसेंबरला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं, तेव्हा बाहेर आलेली गोष्ट अशी की बड्या नेत्यांच्या नावानं चालवलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी या आगीत तेल ओतलं होतं, आणि त्यावर गुन्हे नोंदवायचं ठरलं. ट्विट म्हणजे आयता मथळाच. नेत्याचं नाव, एक टोकाचं वाक्य, झालं. त्या नेत्याच्या कार्यालयात एक फोन करून खातं खरं की खोटं विचारायला पाच मिनिटं लागतात. तेवढी पाच मिनिटं ब्रेकिंग देणाऱ्याकडे नसतात, कारण शेजारचा चॅनेलवाला चार मिनिटांत देणार असतो.

आता भाषेच्या शिक्क्याबद्दल. आपल्याकडच्या भडक मथळ्यांचा हा सर्वांत मोठा रोग आहे, म्हणून यावर जरा थांबतो. भांडणाच्या बातमीत भाषा घालायची की नाही, याला मी एक कसोटी लावत असे. दोघांची भाषा एकच असती तर हे भांडण झालं असतं का? झालं असतं, तर मथळ्यात भाषेचं काम नाही. पार्किंगचं भांडण, उधारीचं भांडण, बांधाचं भांडण, डॉल्बीच्या आवाजावरून झालेलं भांडण, ही सगळी एकाच आळीतल्या सख्ख्या भावांतही होतात. तिथं ‘मराठी युवकावर हल्ला’ किंवा उलट बाजूनं ‘कन्नडिगाला मारहाण’ असा मथळा लावणं म्हणजे बातमीत नसलेलं कारण मथळ्यात घुसडणं.

आणि भाषा हेच कारण असेल, तर ते लपवायचंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात बसच्या वाहकाला मारहाण झाली. मराठी येत नाही म्हटल्यावर मारलं, अशी त्याची तक्रार होती. त्यानंतर चित्रदुर्गाकडे महाराष्ट्राच्या एसटी चालकाला काळं फासलं गेलं आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्या. इथं भाषा मथळ्यात यायलाच हवी होती. पण कशी? ‘वाहकाला मारहाण, मराठी न बोलल्याचं कारण दिल्याची तक्रार’ असा मथळा खरा आहे आणि पुरेसा तिखटही. काही ठिकाणी पहिल्या घटनेला कोपऱ्यातला एक कॉलम मिळाला आणि दुसरीला सहा, काही ठिकाणी नेमकं उलट. आपल्या बाजूच्या माणसानं मारलं की ‘बाचाबाची’, समोरच्यानं मारलं की ‘भ्याड हल्ला’. मराठी वाचकांना माझं हे म्हणणं आवडत नाही, याची मला कल्पना आहे. पण एकाच कृत्याला दोन क्रियापदं लावणारा मथळा आपल्या बाजूचा असला तरी तो भडकच.

मोठा मथळा म्हणजे भडक मथळा, असंही कोणी समजू नये. जुलै २०१४ मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक हटवल्यानंतर गावकऱ्यांना पोलिसांनी जी मारहाण केली, तिला आठ कॉलम देणं हेच बरोबर होतं. जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात हिंडलग्याला गोळीबार झाला, माणसं गेली. तिथं ‘सौम्य बळाचा वापर’ असं छापणारा खरा अपराधी. प्रेसनोटमधले ‘किरकोळ तणाव’, ‘परिस्थिती नियंत्रणात’ हे शब्द तसेच उचलून मथळ्यात टाकणं हीसुद्धा फसवणूकच आहे, फक्त ती आवाज करत नाही म्हणून तिच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. माझा नियम साधा होता: कोणी केलं, कुठं केलं, किती जणांना लागलं. या तिन्हीची उत्तरं मथळ्यात किंवा त्याखालच्या पहिल्या ओळीत आली, की टाईप कितीही मोठा लावा.

आता जिच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही अशी सनसनाटी. भीती विकणारे मथळे सगळ्यांना दिसतात, आशा विकणारे दिसत नाहीत. महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा दाखल केला २००४ साली. तेव्हापासून तारीख लागली की कुठं ना कुठं ‘आज निर्णायक सुनावणी’, ‘सीमावासीयांचं भवितव्य ठरणार’ असा मथळा येतो. प्रकरण कामकाजाच्या यादीत लागलेलं असतं, बस. यादीत लागणं, प्रत्यक्ष पुकारलं जाणं, युक्तिवाद होणं आणि निकाल येणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालयाच्या बातम्या करणाऱ्याला हा फरक ठाऊक असतोच. तरीही ‘निर्णायक’ लागतं, कारण त्या दिवशी अंक खपतो. महाराष्ट्रात जायची १९५६ पासून वाट पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांनी सकाळी पेपर उघडावा, दिवसभर टीव्हीसमोर बसावं आणि संध्याकाळी कळावं की खंडपीठ बसलंच नाही, हे मला दगडफेकीच्या अतिरंजित बातमीइतकंच निर्दय वाटतं. ‘सीमाप्रश्न आज यादीवर’ एवढंच लिहिलं तर अंक कमी खपेल का? खपेल बहुधा. पण खरी बातमी तेवढीच असते.

पुराचे मथळे हा दुसरा हंगामी प्रकार. जुलै-ऑगस्ट आला की इकडच्या चॅनेलांवर ‘महाराष्ट्रानं सोडलं लाखो क्युसेक पाणी’ आणि तिकडच्यांवर ‘अलमट्टीमुळे बुडणार’. नदी तीच. चिकोडी तालुक्यात कल्लोळजवळ कृष्णेचा जो आकडा मोजला जातो, त्यात कोयनेच्या दरवाजांतून आलेलं पाणी असतं, पण वारणा, पंचगंगा आणि दूधगंगेचंही असतं, आणि धरणाच्या खाली पडलेल्या पावसाचं तर फारच असतं. तो सगळा आकडा ‘सोडलं’ या क्रियापदामागे लावला, की निसर्गाच्या पुराला शेजारच्या राज्याचा हात चिकटतो. इथं वाचकानं एक हिशेब लक्षात ठेवावा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. सुमारे ११,५७४ क्युसेकचा प्रवाह चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी होतं. म्हणजे एक लाख क्युसेक दिवसभर वाहिलं तर साडेआठ टीएमसीच्या थोडं वर. कोयना १०५ टीएमसीची, घटप्रभेवरचं हिडकल ५१ चं. हे आकडे डोक्यात असले की ‘धरण रिकामं केलं’ छापाचा मथळा वाचताक्षणी खोटा वाटतो.

आणि पुराच्या दिवशी निपाणी-चिकोडीच्या माणसाला हवं काय असतं? कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, यातले कुठले बंधारे पाण्याखाली गेले आणि कुठला रस्ता चालू आहे. ही बातमी ‘महाप्रलय’ या शब्दाखाली सातव्या ओळीत सापडते. २०१९ च्या पुराला ‘महापूर’ म्हणणं योग्यच होतं. पण दरवर्षी पहिल्याच बंधाऱ्यावर पाणी आलं की ‘महापूर’ छापलं, तर तसा पूर पुन्हा आला की लोकांना गोठ्यातली जनावरं सोडायला सांगण्यासाठी शब्दच उरत नाही.

बिबट्याचंही थोडक्यात सांगून टाकतो, कारण बेळगावकर अजून त्यावरून हसतात. ऑगस्ट २०२२ मध्ये जाधवनगरात बिबट्या दिसला, मग गोल्फ मैदानाच्या झाडीत. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिमोग्याकडच्या सक्रेबैल छावणीतून हत्ती आणले गेले. बातमी खरीच होती आणि मोठीही होती. पण मोबाईलवर फिरणारे बिबट्याचे अर्धे फोटो कुठल्या जंगलातले होते देव जाणे, आणि ‘तुमच्या गल्लीत बिबट्या?’ या प्रश्नचिन्हाखाली सगळं खपवलं गेलं. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं की समजावं, लिहिणाऱ्याकडे माहिती नाही. माहिती असती तर त्यानं पूर्णविराम दिला असता.

हे पूर्वीही होतं का? होतंच. अमेरिकेत १८९८ साली हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही युद्धनौका स्फोटानं बुडाली. कारण कळायच्या आत न्यूयॉर्कच्या दैनिकांनी स्पेनला दोषी धरणारे पानभर मथळे लावले. तेव्हापासून पीत पत्रकारिता, म्हणजे खपासाठी केलेली भडक पत्रकारिता, म्हटलं की हे उदाहरण दिलं जातं. पण तिथला पेपर रस्त्यावर ओरडून विकला जायचा, आपला घरपोच येतो. महिन्याचं बिल भरणाऱ्या वाचकाला मथळ्यानं ओढून आणायची गरज नसते, तो आधीच आलेला असतो. त्यामुळे आपल्याकडच्या जिल्हा दैनिकांचे मथळे बरीच वर्षं बऱ्यापैकी शांत राहिले. मोबाईलनं हा हिशेब बदलला. पोर्टलला आणि यूट्यूब चॅनेलला प्रत्येक बातमीवर नव्यानं गिऱ्हाईक आणावं लागतं. म्हणून ‘…अन् पुढे जे घडलं’, ‘वाचून थक्क व्हाल’, ‘एकच खळबळ’. यात काय घडलं ते मुद्दाम झाकलेलं असतं. छापील मथळ्याचं काम बातमी सांगणं होतं, या मथळ्याचं काम ती लपवणं आहे. त्यात आता मथळ्याचा स्क्रीनशॉट एकटाच फिरतो, खालची बातमी सोबत जात नाही.

त्या एकट्या फिरणाऱ्या तुकड्यानं काय होऊ शकतं, ते बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यात दिसलं आहे, आणि तोही आपलाच सीमाभाग. जुलै २०१८ मध्ये मुरकी गावाजवळ मुलं पळवणारे समजून जमावानं हैदराबादच्या एका अभियंत्याला ठार मारलं. त्याच्याबरोबरच्यांपैकी कोणीतरी मुलांना चॉकलेटं दिली होती, एवढंच निमित्त. अफवा व्हॉट्सअॅपवरून गाडीच्या पुढं धावली. देशभर अशा घटना होत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅप कंपनीनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा आणली. त्या दिवसांत ‘मुलं पळवणारी टोळी सक्रिय?’ असे मथळे छापणाऱ्यांनी स्वतः काही अफवा रचली नव्हती. फक्त तिला छापील रूप दिलं, आणि छापून आलेलं लोकांना खरं वाटतं.

दोन प्रकारच्या बातम्यांत मात्र ‘जरा भडक झाला’ एवढ्यावर सोडून देता येत नाही. एक, अत्याचाराच्या. अल्पवयीन पीडितेची ओळख कळेल असं काहीही छापायला पोक्सो या मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम २३ नं बंदी आहे, आणि ओळख केवळ नावानं कळते असं नाही. पाचशे उंबऱ्यांच्या गावात गावाचं नाव, शाळा आणि बापाचा धंदा छापला की सगळ्यांना कळतं. दोन, आत्महत्येच्या. निकालाच्या हंगामात आणि शेतकऱ्यांच्या बाबतीत हे रोजचं झालंय. वृत्तपत्रांवर नजर ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलनं २०१९ साली स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी बातमी ठळक जागी लावू नये, भडक मथळा देऊ नये, पद्धतीचं वर्णन करू नये. ‘कमी गुण मिळाल्यानं’ हे तीन शब्द मथळ्यात टाकले की एका मरणाला एकच कारण चिकटतं, आणि तेवढेच गुण मिळालेलं दुसरं पोर तो मथळा वाचत असतं. मदतीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक बातमीखाली छापायला अर्धी ओळ लागते.

आता तुम्ही काय करायचं. आधी मूळ बातमी पूर्ण वाचा. मथळ्यातलं गाव आणि बातमीतलं गाव एकच आहे का पाहा, तीनपैकी दोन वेळा तिथंच पोल उघडी पडते. मग लेखी कळवा. छापील पेपर असेल तर शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत संपादकाचं नाव आणि पत्ता असतो, बातम्यांच्या निवडीला जबाबदार कोण तेही तिथंच असतं. रागाचं पत्र पाठवू नका. ते वाचून डेस्कवर हसतात, मी स्वतः पाहिलंय. तारीख, पान, मथळा, आणि त्यातलं नेमकं काय चुकीचं आहे, एवढ्या चार ओळी लिहा. बहुतेक संपादक खुलासा छापतात. कुठं छापतात हा वेगळा प्रश्न. पहिल्या पानावरच्या चुकीचा खुलासा सातव्या पानावर, छोट्या जाहिरातींच्या शेजारी येतो, ही आमच्या धंद्याची जुनी खोड आहे. त्यावरही तक्रार करता येते.

संपादकानं दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया आहे. तिच्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटलंय की मथळे भडक किंवा चिथावणीखोर नसावेत आणि खाली छापलेल्या मजकुराशी जुळावेत. दैनिकातल्या मजकुराबद्दल प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते, सोबत कात्रण आणि संपादकाशी झालेला पत्रव्यवहार जोडावा लागतो. फार अपेक्षा मात्र ठेवू नका. १९७८ च्या कायद्यानं परिषदेला ताकीद देण्याचा, ताशेरे ओढण्याचा अधिकार दिला आहे, दंड करण्याचा नाही. टीव्ही वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. पोर्टलसाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांखाली तक्रार निवारण अधिकारी नेमणं बंधनकारक आहे, आणि त्यानं पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. पोर्टलवर असं नावच सापडत नसेल, तर त्याच्या बातम्यांना किती भाव द्यायचा ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या गावच्या प्रकरणात एवढं पुरे नाही. त्या मथळ्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण पोर्टलवाले मथळा गुपचूप बदलतात आणि मग ‘आम्ही असं लिहिलंच नव्हतं’ म्हणतात. ज्या दोन पोरांचं भांडण झालं त्यांना आणि पंचांना घेऊन एकच पत्र करा, दोघांच्या सह्या घ्या. तालुक्याच्या बातमीदारालाही एक प्रत द्या. त्यानं मूळ काय पाठवलं होतं, हे तो तुम्हाला बहुधा फोन उघडून दाखवेल, आणि तुमच्या पत्रात सर्वांत उपयोगी कागद तोच ठरेल.